सत्तेचाळीस सेंटिमीटर

"टाच खाली. आचल, टाच खाली ठेव मंतो ना मी."

"खालीच आहे, मामा."

"मले दिसून राहिली किती खाली आहे तं."

आठवीच्या वर्गात भिंतीला उजवी कूस लावून आचल उभी होती आणि शाळेचा शिपाई भोजराज शहारे तिच्या पायाशी उकिडवा बसून टाचेखाली एका जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा सरकवून पाहत होता. तुकडा आत गेला तर टाच उचललेली, नाही गेला तर टेकलेली. ही त्याची स्वतःची युक्ती. तुकडा आत गेला. भोजराजनं मान वर करून नुसतं पाहिलं, तशी आचलनं जीभ चावून टाच टेकवली.

"उंच दिसून का करशील? अथी उंच झाली तं उद्या उडी कमी भरन. तुयंच नुकसान. आता हात काढ. खांद्यातून."

उभी उडी मोजायची म्हणजे आधी मूल नुसतं उभं राहून हात किती वर पोचवतं ते पाहायचं, मग जागच्या जागी उडी मारून किती वर पोचवतं ते पाहायचं आणि दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करायचा. उरेल ती उडी. बहुतेक पोरं हुशारी करून पहिल्या वेळी खांदा आखडून धरतात, म्हणजे फुकटात चार बोटं उडी वाढते. आचलसारखी एखादी भोळी उलट टाच उचलून स्वतःचंच नुकसान करून घेते. भोजराज दोन्ही पकडत असे. फायदा लाटणाऱ्याला जितक्या कडकपणे धरायचा, तितक्याच कडकपणे तोटा करून घेणाऱ्यालाही.

"दोनशे एक," तो म्हणाला.

खेळाचे बिसेन सर बाकावर तक्ता घेऊन बसले होते. त्यांनी आकडा लिहिला. "मागच्या आठवड्यात सरावाला बाहेरच्या भिंतीवर दोनशे त्रेचाळीस मारले होते हिने. म्हणजे बेचाळीस. पाहिजेत अडतीस. ही तर गेलीच समजा, भोजराजभाऊ."

आचल शाळेच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. नागपूरकडच्या एका निवासी क्रीडाशाळेसाठी शाळांनी आपापल्या मुलींचे आकडे भरून पाठवायचे, ज्यांचे आकडे बसतील त्यांना तिकडे बोलावून पुन्हा मोजायचं, अशी रीत होती. तिनं चपलेत पाय घालता घालता विचारलं, "मामा, मी जाईन ना जी?"

"तथी जाऊन भ्याली नाही तं जाशील."

हे तो सहज म्हणाला. सात वर्षांत हे वाक्य शाळेत इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं, की फळ्यावरच्या सुविचारासारखं ते कुणाच्या कानात शिरतही नसे. सात वर्षांपैकी दोन करोनात गेली. उरलेल्या पाच वर्षांत या शाळेतून अकरा पोरं-पोरी नागपूरला मोजायला गेली आणि अकराही परत आली. घरच्या भिंतीवर भरणारी उडी तिथे भरत नसे. मुख्याध्यापक दर सव्वीस जानेवारीला सांगत, की आपली मुलं गुणी आहेत, पण परक्या मैदानात कच खातात. गावालाही ते पटलं होतं. खेड्यातली पोरं, मोठं शहर पाहून पाय लटपटणारच.

त्या अकरांतला पहिला भोजराजचा मुलगा, संघदीप.

शाळा सौंदड स्टेशनापासून सात-आठ किलोमीटर आत, धानाच्या बांध्यांच्या, भातखाचरांच्या मधोमध. खेळाचे सर येत आणि बदलून जात, भोजराज होता तिथेच होता. मैदानाकडच्या भिंतीवर त्यानंच, नोकरीला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी, ऑइलपेंटनं आकडे काढले होते. एकशे ऐंशीपासून तीनशेपर्यंत, सेंटिमीटरला बारीक रेघ, दहाला जाड. गवंड्याकडून ओळंबा मागून आणला होता. सुरुवातीला दोन्ही हात त्याच भिंतीवर घेत, पण वीस पोरांचे खडूचे पंजे एकमेकांत मिसळत आणि हा माझा, तो तुझा अशी झोंबाझोंबी होई. तेव्हा भोजराजनंच सुचवलं, की उभ्याचा हात आदल्या दिवशी वर्गात घ्यावा, उंची-वजनाबरोबर. बाहेर दुसऱ्या दिवशी नुसती उडी. त्यानं वर्गातही तशीच पट्टी रंगवली आणि भांडणं मिटली. त्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला मुख्याध्यापकांनी माइकवरून त्याचं नाव घेतलं.

आपल्या वस्तीतल्या माणसाचा शब्द गावात सहजासहजी कुणी खरा धरत नाही, हे भोजराज लहानपणापासून पाहत आला होता. त्यामुळे माइकवरच्या त्या नावाचं त्याला फार अप्रूप वाटलं. पुढे पुढे तर दोन पाटलांचा शेताच्या धुऱ्यावरून वाद झाला तरी लोक म्हणत, शहारेला बोलवा, त्याच्या टेपेत फरक पडत नाही. मग हा सायकलला टेप अडकवून जाई आणि दोन्हीकडच्यांचा चहा घेऊन येई. ललिता, त्याची बायको, चिडवायची, की तुम्हाला आता भाजीतलं मीठही टेपेनं मोजून देते. त्यालाही ते आवडे.

शनिवारी सकाळची शाळा. थंडी चांगलीच होती. साडेसातला भोजराज खडूची भुकटी घेऊन मैदानावर आला, तेव्हा नळाच्या पाइपासाठी ठेकेदाराचा मजूर मनिराम भिंतीलगत जमिनीत बसवलेले गट्टू उपटत होता. सिमेंटचे ते लाल-करडे गट्टू सात वर्षांपूर्वी बसवले तेव्हा शाळेत केवढा आनंद झाला होता. पावसाळ्यात त्या भिंतीपाशी घोटाभर चिखल व्हायचा, तो बंद झाला. भोजराज त्या उन्हाळ्यात मेहुण्याच्या लग्नासाठी सालेकशाला गेला होता. आठ दिवसांनी येऊन पाहतो तर सगळं चकाचक, भिंतीच्या खालच्या भागाला नवा चुना.

"मनिराम, आजच कायले खोदून राहिला बाप्पा? पोरींची उडी आहे आज."

"ठेकेदारानं आजच सांगतलं. तुमी तिकडल्या कोपऱ्यात घ्या ना, मी इकडेच आहो." मनिरामनं हातातली लोखंडी सब्बल जमिनीवर टेकवली. "भाऊ, हा शून्य तुमीच काढला होता का?"

भोजराज जवळ गेला. उपटलेल्या गट्टूच्या जागी रेती दिसत होती आणि रेतीच्या खाली, भिंतीच्या अगदी बुडाशी, तांबड्या ऑइलपेंटची एक आडवी रेघ होती. रेघेच्या टोकाला शून्य. त्यावर चुना लागला नव्हता, कारण गट्टू आधी बसले आणि चुना नंतर लागला. रंग नवा दिसत होता.

तो वाकला. मग खिशातून टेप काढली. शून्याच्या रेघेपासून शेजारच्या न उपटलेल्या गट्टूच्या माथ्यापर्यंत आठ सेंटिमीटर. दोन हात पुढे जाऊन मनिरामला आणखी एक गट्टू काढायला लावला. आठ. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला. आठ.

"का झालं, भाऊ?"

"काई नाई. काढ तू."

भोजराजनं टेप खिशात घातली. तो भिंतीला टेकून तिथेच रेतीवर बसला. वर्गातली फरशी जिथे होती तिथेच होती, तिथला हात बरोबर यायचा. बाहेरची जमीन आठ सेंटिमीटर वर आली होती आणि भिंतीवरचे आकडे मात्र जुन्या जमिनीपासून मोजलेले. सात वर्षं इथे उडी मारणारं प्रत्येक मूल आठ सेंटिमीटरच्या ओट्यावर उभं राहून उडी मारत होतं. दोन्ही हात एकाच भिंतीवर घेतले असते तर काहीच बिघडलं नसतं, वजाबाकीत सगळं निघून गेलं असतं. ते वेगवेगळ्या ठिकाणी घ्यायची अक्कल त्याचीच. माइकवरून नाव घेतलं गेलं ते त्याचसाठी.

अकरा पोरांचे आकडे त्याला तोंडपाठ होते. एक त्रेचाळीस, ती पोरगी आता देवरीला नांदते. एक पन्नास, तो टिप्पर चालवतो. प्रत्येकातून आठ वजा करत तो मागे मागे जात राहिला आणि शेवटी जिथे पोचायचं नव्हतं तिथे पोचला. संघदीप, सत्तेचाळीस.

पोरगा चौदा वर्षांचा होता. हात-उंची दोनशे बारा, भिंतीवर दोनशे एकोणसाठ. मुलांना पंचेचाळीस लागत. भोजराज स्वतः त्याला एसटीनं नागपूरला घेऊन गेला होता, नव्या बुटांसकट. तिथल्या बोर्डावर पोरानं तीनदा उडी मारली आणि तिन्ही वेळा एकोणचाळीस भरली. टेबलामागचा माणूस तक्ता पाहून शेजारच्याला म्हणाला, घरून आकडे फुगवून आणतात. ते भोजराजच्या वर्मी लागलं. त्याचा आकडा, आणि फुगवलेला. येताना बसमध्ये भंडाऱ्यानंतर तो म्हणाला, "भ्याला तू."

"नाई बाबा. मी तेवढीच मारली. जेवढी घरी मारतो तेवढीच."

"मंग तुया पाय लहान झाला का नागपुरात?"

बसमधले दोघेतिघे हसले होते. एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण भोजराज हिशेबाचा पक्का. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत त्यानं पोराला या भिंतीपाशी उभं केलं आणि उडी मारायला लावली. दोनशे अठ्ठावन्न. म्हणजे सेहेचाळीस. "पाहिलं?" तो म्हणाला होता. "अथी येते, तथी येत नाई. मंग त्याले का मनाव, तूच सांग." संघदीप खडूनं पांढऱ्या झालेल्या आपल्या बोटांकडे पाहत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "भ्यालोच असन मंग." त्यानंतर तो फुटबॉलला गेला नाही. दहावी कशीबशी काढली, दोन वर्षं इकडेतिकडे केली आणि आता तीन वर्षांपासून रस्त्याकडच्या राईस मिलमध्ये पोती वाहत होता. बापलेक एकाच घरात राहत, पण बोलणं म्हणाल तर मोटरपंप चालू आहे का आणि आई कुठे गेली, एवढंच. भोजराजनं गावात चारचौघांत सांगून टाकलं होतं, की माझी मोजणी चुकत नसते, पोरगंच भित्रं निघालं.

साडेआठला बिसेन सर आले. भोजराजनं त्यांना टेप लावून दाखवलं. सरांना आधी समजेना, मग समजलं तसा त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली केला.

"भाऊ, सोमवारी फॉर्म पाठवायचे आहेत. आठ वजा केले तर आपली एकही मुलगी बसत नाही."

"नाई बसत."

"मग राहू द्या ना आज. तिकडे मोजतीलच ते. निदान जाऊन तरी येतील पोरी, नागपूर पाहतील."

"पाहून का येतात ते मले मालूम आहे, सर."

सर या शाळेत चार वर्षांपूर्वी आलेले. मनानं वाईट नव्हते. ते थोडा वेळ बुटानं रेती सारत राहिले, मग म्हणाले, "आणि ते आधीचे? त्यांना काय सांगायचं आता? शाळेचं नाव जाईल. तुमची नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत फक्त. उगीच कशाला विषय काढता?"

"नाव मायं जाईन. शाळेनं आकडे नोते काढले."

त्यानं मनिरामला थोडं बाजूला व्हायला सांगितलं आणि सात मुलींना भिंतीपाशी रांगेत उभं केलं. या वेळी दोन्ही हात त्याच भिंतीवर, त्याच गट्टूवर. उभ्याचा पंजा उमटला की बाजूला नाव लिहायचं, मग उडी, मग ओल्या फडक्यानं पुसायचं. फार वेळ लागला. मुलींना थंडी वाजत होती. आचलची पाळी आली तेव्हा तिनं दोन्ही हात मागे झुलवले, गुडघे वाकवले आणि अशी काही उसळली, की पलीकडे मनिराम सब्बल धरून पाहतच राहिला. उडी खरोखर देखणी होती. भोजराजनं खडूच्या दोन खुणांमध्ये टेप धरली. मग परत धरली.

"चौतीस."

"नाई मामा. बेचाळीस. मागच्या शनिवारी बेचाळीस होती ना, सरले विचारा."

सरांनी तक्त्यात डोकं घातलं.

"दोनदा मारते मी अजून," आचल म्हणाली. तिनं मारली. चौतीस, मग तेहेतीस. तिचा चेहरा उतरला. "मी तं भेली नाई मामा. घरचीच तं भिंत आहे. कायले भेऊ मी?"

भोजराज तिच्यासमोर उभा होता. त्याच्या हातात टेप होती आणि ती आपोआप आत ओढली गेली तेव्हा तिचा खट् असा आवाज झाला.

"तू नाई भेली," तो म्हणाला. "मायी चूक होती. हे गट्टू आठ सेंटिमीटर वर आहेत अन् मी पाहिलंच नाई. तुयी उडी पयलेही तेवढीच होती, आताही तेवढीच आहे. तुयी काई चूक नाई, बाई."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, किती सोपं होतं हे. आचल रडली नाही. तिनं फक्त विचारलं, की मग नागपूर नाही का, आणि तो नाही म्हणाला. ती चपला हातात घेऊन अनवाणीच वर्गाकडे गेली. सर फॉर्मचे कागद घडी करून खिशात घालत होते, त्यांनी भोजराजकडे पाहिलं नाही.

साडेअकराला शाळा सुटली. भोजराज घरी जेवायला गेला नाही. सायकल काढली आणि थेट राईस मिलच्या रस्त्याला लागला. चार किलोमीटर. वाटेत त्यानं वाक्यं जुळवली. काय झालं ते सांगायचं, तू भ्याला नव्हतास म्हणायचं, पुढचं आपोआप सुचेल. पोरगा रागावला तर रागावू दे. दोन शिव्या दिल्या तरी ऐकून घ्यायच्या. निदान सात वर्षं डोक्यावर ठेवलेलं ते ओझं तरी उतरेल त्याच्या. ऊन पडलं होतं आणि धान निघून गेलेल्या बांध्या दोन्हीकडे रिकाम्या पसरल्या होत्या. त्याला सकाळपासून पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

मिलच्या आवारात तो आजवर कधी आला नव्हता. फाटकाशी मुकादम खुर्ची टाकून बसला होता, गोंदिया शहरातला माणूस, हिंदीच बोलणारा. "संघदीप? कौन संघदीप?" त्यानं मागे वळून कुणाला तरी विचारलं आणि मग हसला. "अच्छा, सैंतालीस! ऐसा बोलो ना चाचा. उधर कोंढे के ढेर के पास होगा."

"का मनलं तुमी?"

"सैंतालीस. सब यही बुलाते हैं उसको. स्कूल में सैंतालीस सेंटीमीटर कूदता था, ऐसा बोलता है. पूरे जिले में किसी का नहीं था, नागपुर में डर गया इसलिए रह गया. बैठता है तो यही बताता है."

भोजराज सायकल धरून उभा राहिला. परत फिरावं, असं त्याला वाटलं. खरोखरच त्यानं सायकलचं हँडल वळवलंही. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं आता उलटी दिसू लागली होती. आपण पोराच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला निघालो, असं तो समजत होता. तिथे आणखी काय ठेवलेलं आहे, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. पण मुकादमानं तोवर हाक मारली होती आणि कोंढ्याच्या ढिगामागून संघदीप येत होता. डोक्याला पंचा, भुवयांवर, पापण्यांवर, हातांवर बारीक कोंढा बसून सगळा पांढरा झालेला.

"का झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. सगळे बरे आहेत."

"मंग काऊन आले?"

दोघं शेडच्या सावलीला गेले. आत गिरणीची घरघर चालू होती, मोठ्यानं बोलावं लागत होतं. अशी गोष्ट मोठ्यानं बोलायला लागावी याचीही भोजराजला लाज वाटली. त्यानं सांगितलं. गट्टू, रेती, शून्याची रेघ, आठ सेंटिमीटर. वर्गातला हात आणि बाहेरची उडी. सांगताना तो हातवारे करून जमीन किती वर आली ते दाखवत होता, शेवटी हात तसाच हवेत राहिला. "तू भ्याला नोता," तो म्हणाला. "तू बसमधी खरं सांगत होता. मीच खोटा होतो. गावात तुले भित्रा मनलं मी. माया हातून लय वाईट झालं, संघदीप."

संघदीपनं पंचा सोडून तोंड पुसलं. कोंढा निघाला नाही, ओल्या जागी नुसता चिकटून बसला. त्याचे ओठ किंचित हलत होते. तो वजाबाकी करत होता, हे भोजराजच्या उशिरा लक्षात आलं.

"मंजे एकोणचाळीस," संघदीप म्हणाला.

"हव."

"तथी जेवढी आली तेवढीच."

"तेवढीच."

"पंचेचाळीस लागत होते. मंजे मी कधी बसतच नोतो त्यात."

"चौदा वर्साचा होता तू," भोजराज म्हणाला. "एक-दोन वर्स मेहनत केली असती तं..." आणि तो थांबला, कारण ती एक-दोन वर्षं कोणी घालवली ते दोघांनाही माहीत होतं.

"बाबा," संघदीप म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर भोजराजला बरं वाटलं असतं. "मी भेलो मनून राहिलो, असंच मी धरून चाललो होतो. पोती उचलताना मनात ये, का नसतो भेलो तं आज कुठं असतो. रोज ये. भित्रा होतो तेच बरं होतं ना बाबा. भेव तं कोनालेही वाटते. अंगात होती, पन भेलो. असं तं मनता ये."

"मले वाटलं तुले सांगाव."

"हव. सांगाले तं पायजेच होतं." त्यानं पंचा पुन्हा डोक्याला गुंडाळला. "जेवले का?"

"घरी जाऊन जेवतो."

"आईले सांगा, मी सातले येतो. गाडी लागली आहे आमची."

पोती चढवायच्या फळीला ट्रक येऊन लागला होता आणि आत कुणीतरी त्या आकड्यानंच त्याला हाक मारली. संघदीप वळला, दोन पावलं गेला आणि थांबला. त्यानं पाठ वाकवली, दोघांनी त्याच्या पाठीवर पोतं ठेवलं आणि तो फळीकडे निघाला. भोजराज सायकलपाशी आला.

"मिल गया बेटा?" मुकादमानं विचारलं. तो चहा पीत होता आणि त्याला बोलायला कुणीतरी हवं होतं. "चाचा, आप तो उसी स्कूल में हो ना? एक बात बताओ. ये सच में कूदता था क्या सैंतालीस, या ऐसे ही फेंकता है?"

पोतं घेतलेला संघदीप चार हातांवरून चालला होता. त्यानं चाल कमी केली नाही, पण मान तेवढी ताठ झाली. जन्मभर ज्या तोंडातून चुकीचा आकडा गेला नाही असं गाव म्हणत होतं, ते तोंड भोजराजनं उघडलं.

"हव, कूदता था," तो म्हणाला. "सत्तेचाळीस. मीच मोजली होती."

"देखो भला," मुकादम म्हणाला आणि चहाचा कप खाली ठेवून आत गाड्यांकडे गेला. संघदीप पोतं घेऊन फळीवर चढला. भोजराज तो वर पोचेपर्यंत उभा होता, मग सायकलवर बसून निघाला.